अनशीची हाळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती फार, तर उंबरघोळीच्या खोऱ्यात तेव्हा विजेचा खांब नव्हता, गाडीवाट नव्हती, आणि अख्ख्या खोऱ्यात घड्याळ एकच, ते गुरुजींच्या मनगटावर. बाकीचे लोक सूर्याकडे बघून उठत आणि म्हशींच्या मागून घरी परतत.

खोरं म्हणजे मधोमध एक ओढा आणि भोवती डोंगराच्या सात सोंडा. एकेका सोंडेवर एकेक वाडी. वाडी म्हणजे तरी काय, चार नाही तर पाच घरं, गवताची छपरं, आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. सगळे गवळी-धनगर. खाली ओढ्याकाठी एका खोलीची शाळा. या वाडीतून त्या वाडीत जायचं तर आधी पूर्ण उतरायचं आणि मग पूर्ण चढायचं, म्हणून लोक जातच नसत. हाळी देत. तोंडाभोवती दोन्ही हात धरायचे आणि हाक अशी सोडायची की ती दरीवरून तरंगत जाऊन पलीकडच्या अंगणात उतरली पाहिजे. लग्न ठरलं, म्हैस चुकली, घरात कुणी गेलं, सगळं हाळीनंच कळायचं.

आणि हाळी द्यावी तर अनशीनं, असं म्हणतात.

अनशी झोरे मधल्या सोंडेवरची. आईबाप एकाच वर्षात गेले तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि तिचा भाऊ बिरू नऊ वर्षांचा. तिनंच त्याला वाढवलं. तिला बघायला पाहुणे येत, तर ती म्हणायची, "आधी याचं डोकं ठिकाणावर येऊ द्या, मग माझं बघू." पाहुणे बिरूकडे बघत आणि निघून जात.

अनशीला अक्षर येत नव्हतं, पण एकदा कानावर पडलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. घरात अकरा म्हशी होत्या. प्रत्येकीची आई कोण, आईची आई कोण, कुठल्या पावसाळ्यात व्याली, कुठल्या कड्यावरून पडली, हे ती सात पिढ्या मागपर्यंत न अडखळता सांगायची. बिरूचं उलटं. तो दोन इयत्ता शिकला. तिसरीत असताना तेव्हाच्या मास्तरांनी छडी उगारली. यानं ती हिसकावून मोडली, खिडकीतून उडी मारली आणि जो गेला तो परत शाळेची पायरी चढला नाही. त्याचा हात आधी चालायचा आणि विचार मागाहून यायचा. पण आक्कावर जीव एवढा, की तिच्या पायात काटा गेला तर हा झाडाला लाथा मारायचा.

अशी ती दोघं होती. आणि मग खोऱ्यात रेडिओ आला.

तेव्हा शाळेत कुंभोजकर गुरुजी होते. भला माणूस, पण दम्यानं पिडलेला. त्यांनी अर्ज करकरून वरून एक रेडिओ मिळवला होता. शाळेतल्या मुलांसाठी रेडिओवरून धडे देत, आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, दुपारी दोन वाजता. दूर मोठ्या शहरात एक बाई एका बंद खोलीत बसून बोलायच्या आणि त्यांचं बोलणं गावोगावच्या शाळांतून ऐकू यायचं. रेडिओ मिळाला तो एका अटीवर. वर्षअखेर तपासणीचे साहेब येणार, झालेल्या पाठांवर मुलांना प्रश्न विचारणार. उत्तरं आली तर रेडिओ शाळेचा. नाही आली तर तो उचलून दुसऱ्या गावाला, आणि उंबरघोळीला पुन्हा काही मिळायचं नाही.

रेडिओ लाकडी पेटीचा होता, आणि त्याची बॅटरी निराळी, विटेएवढी. गुरुजींनी तो शाळेत लावला. नुसती खरखर! तव्यावर मोहरी तडतडावी तशी. खोरं एवढं खोल, की आवाज आत उतरतच नव्हता. गुरुजी पेटी घेऊन अंगणात गेले, ओढ्यापलीकडे गेले, झाडाच्या फांदीवर तार टाकून बघितली. मोहरी तडतडतच राहिली. शेवटी कुणीतरी म्हणालं, वर सड्यावर नेऊन बघा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. तिथं मात्र बाईंचा आवाज असा स्वच्छ आला, जणू त्या शेजारीच मांडी घालून बसल्या आहेत.

पण सड्यावर न्यायचा कुणी? गुरुजींना शाळेची पायरी चढताना धाप लागायची. मुलं लहान. वाड्यांवरचे बाप्ये म्हणाले, आम्हाला म्हशी आहेत. म्हशी अनशीलाही होत्या. पण तिनं पदराची चुंबळ केली, पेटी डोक्यावर घेतली, बॅटरी काखेत मारली आणि चालू लागली.

बिरू मागून ओरडला, "आक्के, तुला काय पडलंय गं? तू काय शाळंत हायस?"

"पेटीत बाई बसल्यात," अनशी म्हणाली. "एवढ्या लांबनं आल्यात आपल्या पोरांसाठी. त्यांना दारातनं परत लावायचं व्हय?"

बिरूला हसू आलं, रागही आला, पण ती कधीच वळणावर गेली होती.

सड्यावर पोरं ओळीनं बसली. रेडिओपुढं घोंगडी अंथरलेली, तांब्याभर पाणी ठेवलेलं. आधी एक धून वाजली, मग बाई म्हणाल्या, "नमस्कार, बालमित्रांनो." सगळ्यांनी हात जोडले. अनशीनंही जोडले. पाठ सुरू झाला, आणि तेवढ्यात तिचं लक्ष समोरच्या सोंडेवर गेलं. सगळ्यांत लांबच्या वाडीतला धाकलू, सात वर्षांचं पोर, दरी उतरून पुन्हा चढून धापा टाकत येत होता. अर्ध्या वाटेवर होता अजून.

अनशी उठली. रेडिओची खुंटी फिरवली. टक्. बाई गप्प झाल्या.

"जरा दम धरा, बाई," ती पेटीला म्हणाली. "धाकलू येतोय."

गुरुजी मागच्या चढावर बसून श्वास गोळा करत होते, त्यांना कळलंच नाही. पोरं शांत बसून राहिली. धाकलू आला, त्याला पाणी दिलं, त्याचा घाम पुसला, जागा करून बसवलं. मग अनशीनं खुंटी फिरवली. आतून एक बाप्या बाजारभाव सांगू लागला. गूळ, हळद, शेंगदाणे.

"बाई कुठं गेल्या?" धाकलूनं विचारलं.

गुरुजी वर पोचले, त्यांना सगळं सांगितलं. ते हसले. मग अनशीचा चेहरा बघून त्यांनी हसणं आवरलं.

"अनशे, अगं, त्या थांबत नाहीत. आपण बंद केलं तरी त्या बोलतच असतात. आपल्याला दिसत नाहीत त्या, आणि आपण त्यांना दिसत नाही."

"धाकलू येतोय, ते त्यांना ठावंच नाही?"

"नाही."

"म्हंजी जो चुकला तो चुकलाच?"

"चुकलाच," गुरुजी म्हणाले.

त्या दिवशी ती पेटी शाळेत ठेवून परतली. घरी येऊन धारा काढल्या, बिरूला भाकरी वाढली, स्वतः जेवली नाही. "एवढ्या मायेनं बोलत्यात," म्हणाली, "अन् ठावं नसतं." बिरू म्हणाला, "जाऊ दे की आक्के. रेडिओच हाय तो." ती म्हणाली, "धाकलू रेडिओ न्हाई."

आणि पुढल्या शनिवारी तिनं काय केलं, तर पाठ संपल्यावर रेडिओ शाळेत ठेवला आणि पुन्हा वर चढून सड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. धाकलू तापानं घरी होता. आणखी चारपाच पोरं त्या दिवशी आली नव्हती. अनशीनं तोंडाभोवती हात धरले आणि हाळी दिली. "बाई म्हणाल्याऽऽ!"

मग तिनं बाईंचा अख्खा पाठ खोऱ्यावर सोडला. पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या पुन्हा भेटूपर्यंत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बाई जिथं हसल्या तिथं ती हसली, जिथं थांबल्या तिथं थांबली. सुरुवातीची धूनसुद्धा तिनं तोंडानं वाजवली. असं म्हणतात की मधे दोनदा खरखर झाली होती, ती खरखरही तिनं करून दाखवली, कारण काय पाठातलं आणि काय नाही हे ठरवणारे आपण कोण! धाकलू अंगणात घोंगडी पांघरून बसला होता. त्याच्या आईनं पलीकडून उलट हाळी दिली, "पोचलंऽऽ!"

त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. दोन वाजता बाई बोलायच्या आणि ऊन कललं की अनशी बोलायची. असं म्हणतात की तिचा आवाज आला की सातही वाड्यांवर रवी ताकात थांबायची. म्हाताऱ्यांना पृथ्वी गोल असल्याचं त्या वर्षी कळलं. एका म्हाताऱ्यानं त्यावर उलट हाळी देऊन भांडणही काढलं, "कुणी बघितलीयऽऽ?" अनशी म्हणाली, "बाईंना इचाराऽऽ!" असं म्हणतात की म्हशीसुद्धा पाठ संपेपर्यंत रवंथ करत नसत. हे खरं की नाही, म्हशींनाच ठाऊक.

बिरू मात्र धुसफुसत होता. आक्का आधी त्याची होती, आता सात वाड्यांची झाली होती. भाकरी गार मिळायची. आणि ती वाळत चालली होती, ते त्याच्याशिवाय कुणी बघत नव्हतं.

फाल्गुनातल्या एका बुधवारी त्यांची मोरी नावाची म्हैस अडली. पारडाचे पाय उलटे आले होते. अशा वेळी अनशीचा हात लागायचा. तिच्या हातून कितीतरी अडलेली पारडं सुटली होती. बिरूनं सड्याकडे तोंड करून हाळी दिली, एकदा, दोनदा, दहादा. पण त्या दिवशी सड्यावर ती एकटीच पाठ ऐकत होती, आणि पाठ ऐकताना तिला दुसरं काही ऐकू येत नसे. बिरूनं स्वतः हात घातला, जमलं तसं ओढलं. मोरी वाचली. पारडी मेलेली निघाली.

तो तसाच, कोपरापर्यंत रक्तानं माखलेला, सड्याच्या वाटेला धावला. अनशी समोरून येत होती, डोक्यावर पेटी, तोंडात पाठ घोळवत.

"तुझी बाई मोठी झाली काय गं? आँ? मोरीपरीस मोठी झाली?"

"काय झालं, बिऱ्या?"

त्याचा हात आधी चालला. पेटीला त्यानं असा धक्का दिला की ती तिच्या डोक्यावरून उडाली, कड्यावर आपटली, आणखी दोन ठिकाणी आपटली, आणि खाली करवंदीच्या जाळीत गेली. काखेतली बॅटरीही खाली पडून फुटली आणि तिची काळी भुकटी कातळावर सांडली.

खालून कसलाच आवाज आला नाही. तेव्हा कुठे बिरूला विचार सुचला.

अनशीनं त्याच्या हाताकडे बघितलं. "पारडू गेलं?"

"पारडी होती," बिरू म्हणाला आणि रडायला लागला.

ती तिथंच वाटेवर बसली आणि आधी पारडीसाठी रडली. रेडिओचं नाव काढलं नाही. मग उठली, जाळीत उतरली, फळ्या, तारा, काचा, सगळं पदरात गोळा करून शाळेत घेऊन गेली. बिरू दहा पावलं मागून चालत होता. एखादी तरी शिवी देईल, एखादी थोबाडीत देईल, याची तो वाट बघत होता. तिनं काही दिलं नाही.

गुरुजींनी फुटकी पेटी कपाटात ठेवली. "मी पाडला म्हणून लिहितो," म्हणाले.

"तुमी कशापायी? मी फोडला," बिरू म्हणाला.

अनशीनं विचारलं, "गुर्जी, साहेब कधी येणार?"

"अजून साडेतीन आठवडे आहेत. सहा पाठ राहिलेत. तेच नेमके विचारतील. आता काही उपयोग नाही गं. रेडिओ तर गेलाच, आता दुसरा देणारही नाहीत."

"साहेब पेटी इचारणार का पाठ इचारणार?"

"दोन्ही विचारतील."

"पेटीचं तुमी बघा," अनशी म्हणाली. "पाठाचं मी बघते."

आणि इथून पुढची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात.

सात वाड्या असं सांगतात, की शनिवारी दोन वाजता अनशी कुठं दिसली नाही. पोरं आपापल्या अंगणात बसून होती. पण ऊन कललं आणि सड्यावरून हाळी आली, "बाई म्हणाल्याऽऽ!" आणि पाठ आला, धुनीसकट, नवा कोरा. पुढल्या बुधवारी पुन्हा आला. शनिवारी पुन्हा आला. रेडिओ तर फुटलेला, त्याचा सांगाडा शाळेच्या कपाटात. मग पाठ कुठून आला? हवेतून आला, असं म्हणतात. बाईंचं बोलणं हवेतूनच तर येतं, पेटी नुसती निमित्ताला असते. एवढं ऐकून ऐकून अनशीला पेटीची गरज उरली नव्हती. ती सड्यावर डोळे मिटून बसायची आणि तिला ऐकू यायचं.

बिरू तसं सांगत नसे. तो म्हणायचा, "तिचे पाय कुणी बघितले?"

सड्यापासून खाली बाजाराचं गाव चार कोस. तिथं दाजीबाचं चहाचं हॉटेल आणि हॉटेलात रेडिओ. अनशी पहाटे धारा काढून निघायची, दोनच्या आत तिथं पोचायची. पहिल्या दिवशी दाजीबा तिला म्हणाला, "इथं गाणी लागतात, बाय. शाळा लागत न्हाई."

"अर्ध्या तासाची लावा. तुमची भांडी घासून देते."

गिऱ्हाइकं हसली. एक म्हणाला, "चार कोस चालून पाठ ऐकायला? नापास झालीस का काय गं?"

"शाळंत गेली असती तर झाली असती," अनशी म्हणाली, आणि कपबश्या विसळायला बसली. दोन वाजले तशी तिनं हात पुसले आणि रेडिओपुढं उभी राहिली. उभ्या उभ्या तिचे ओठ हलत होते. पाठ संपला की ती कुणाशी बोलत नसे, पाणीसुद्धा पीत नसे. तोंड उघडलं तर शब्द सांडतील म्हणून. तशीच चार कोस वर. कातळ तापलेला, पायात काही नाही. दुसऱ्या खेपेपासून दाजीबानं भांड्यांना हात लावू दिला नाही. दोनला पाच कमी असताना तो स्वतःच गाणी बंद करायचा आणि गिऱ्हाइकांना दम भरायचा, "गप बसा, तिची शाळा हाय."

बिरूला हे तिसऱ्या खेपेला कळलं, तिच्या टाचांतून निघालेलं रक्त ओट्यावर दिसलं तेव्हा. त्यानं तिच्या पायांना लोणी चोळलं.

"आक्के, मी जातो की."

"तुझ्या ध्यानात राहील का?"

"न्हाई राहणार."

"मग म्हशी बघ," ती म्हणाली, आणि त्याच्या केसांतून हात फिरवला.

असे पाच पाठ झाले. पाचव्याची हाळी देऊन अनशी घरी आली ती भिंत धरून. ऊन लागलं होतं. अंग असं तापलं की ओली फडकी कपाळावर वाळून कडक व्हायची. गुरुजींनी गोळ्या दिल्या, बायांनी पाला आणला. तीन दिवस ताप हलला नाही. आणि बुधवार उजाडला, शेवटच्या पाठाचा.

अनशी उठून बसायला गेली. बिरूनं तिला दोन्ही खांदे धरून आडवं केलं, शेजारच्या काकूंना तिच्याजवळ बसवलं आणि चार कोसांच्या वाटेला लागला.

हॉटेलात दाजीबानं विचारलं, "बहीण कुठाय रं?"

"तापलीय."

"बस. च्या घे."

"बोलू नका माझ्यासंगं. मला ध्यानात ठेवायचंय."

धून वाजली. बाई आल्या. शेवटचा पाठ होता दातांची निगा. बिरू रेडिओला कान लावून उभा राहिला, मुठी आवळून, कुणाशी तरी मारामारी करायची असावी तसा. पाठ संपला आणि तो पळत सुटला. चार कोस तो एकच घोकत होता. दुधाचे दात वीस, पक्के दात बत्तीस. पटाशीचे आठ, सुळे चार. वाटेत एक ओळखीचा भेटला, "काय रं बिरू, एवढा घाईत?" बिरू ओरडला, "सुळे चार!" आणि तसाच पुढं गेला.

सड्याच्या टोकाला पोचला तेव्हा ऊन कललं होतं. त्यानं तोंडाभोवती हात धरले. त्याची हाळी आक्कासारखी तरंगायची नाही, फुटकी होती.

"बाई म्हणाल्याऽऽ!"

सातही वाड्यांवर लोक अंगणात आले. आवाज निराळा होता. त्यानं नमस्कार सांगितला. धून त्याला जमली नाही, ती त्यानं नुसती शिट्टीनं उडवली. दुधाचे दात सांगितले. खाल्ल्यावर चूळ भरावी, ते सांगितलं. बाभळीची काडीही चालते, तेही सांगितलं. मग पक्क्या दातांवर आला. "पटाशीचे आठऽऽ! सुळे चारऽऽ! दाढा बाराऽऽ! अन् उपदाढाऽऽ..."

उपदाढा किती ते गेलं. चार कोस नीट आणलेलं, ऐन वेळी हातातून निसटलं. तो थांबला. खोरं थांबलं. त्याला आठवेना. डोक्यात नुसती मोहरी तडतडू लागली. त्यानं कपाळावर बुक्क्या मारून घेतल्या.

तेव्हा मधल्या सोंडेवरच्या घरातून हाळी आली. "आऽऽठ!"

अनशीनं तो पाठ ऐकलेला नव्हता. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्याजवळ बसलेल्या काकूंनी मागाहून सांगितलं, की बिरूचा आवाज अडला तशी ती डोळे मिटून जिभेनं स्वतःचे दात मोजत होती. पुढचे सोडले, सुळे सोडले, मागच्या बारा दाढा सोडल्या, मधे उरलेल्या मोजल्या. दोनदा मोजल्या. मग उशाशी कोपर टेकून उठली आणि ओरडली. असं म्हणतात की ती हाळी सातही वाड्यांवर एकाच वेळी उतरली, आणि इतकी स्वच्छ, की ती तापातल्या बाईची आहे असं कुणाला वाटलं नाही.

"उपदाढा आऽऽठ!" बिरू ओरडला. रडत रडतच ओरडला. "सगळे मिळून बत्तीऽऽस! बाई म्हणाल्या, पुन्हा भेटूऽऽ!"

तो घरी पोचला तेव्हा ती हसत होती.

"धून खाल्लीस की रं," म्हणाली.

"जमंना, आक्के."

"बाकी बरा सांगितलास."

दुसऱ्या दिवशी उजाडायला अनशी गेली. तिच्या जाण्याची हाळी बिरूनंच दिली. ती कशी दिली ते कुणी सांगत नाही.

शनिवारी साहेब आले. गुरुजींनी कपाट उघडून फुटकी पेटी समोर ठेवली. बिरू दारात उभा होता, तो सरळ आत आला. "ही मी फोडलीय, साहेब. मला न्यायचं तर न्या. पण आधी पोरांना इचारा."

साहेबांनी चष्मा पुसला. त्यांनी मागच्या रांगेतल्या सगळ्यांत लहान पोराला उभं केलं. तो धाकलू होता. साहेबांनी सहाही पाठांतलं विचारलं. धाकलूनं सगळं सांगितलं. दातांपाशी आल्यावर तो म्हणाला, "उपदाढा आठ," आणि सगळी पोरं एकदम रडायला लागली. साहेबांना काही कळेना.

"रेडिओ फुटलाय," ते म्हणाले. "मग हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"अनशीआक्कानं."

"आणि तिला कुणी सांगितलं?"

"हवेनं," पोरं म्हणाली.

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी बिरूकडे. बिरूला बोलायचं होतं. चार कोस, दाजीबाचं हॉटेल, टाचा, लोणी, सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण पोरांच्या तोंडांकडे बघून तो आयुष्यात पहिल्यांदा बोलायच्या आधी थांबला.

"व्हय, साहेब," म्हणाला. "हवेनं."

जूनमध्ये उंबरघोळीच्या शाळेला नवा रेडिओ आला. तो सड्यावर कोण नेणार, हे या वेळी कुणी विचारलं नाही. बिरूनं उचलला.

आणि शाळा उघडली त्या दिवशी गुरुजींनी नवा हजेरीपट काढला. पहिली ओळ त्यांनी मोकळी सोडली होती. तिथं त्यांनी लिहिलं, अनशी झोरे. शाळेची पायरी कधी न चढलेल्या बाईचं नाव पटावर घालता येतं का, असं त्यांना एकानं विचारलं. ते म्हणाले, "मला येतं." त्यांनी नाव पुकारलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग धाकलू उठला आणि म्हणाला, "गैरहजर, गुर्जी."

त्या बुधवारी पाठ संपल्यावर बिरू सड्यावर तिला जिथं माती दिली होती तिथं गेला आणि दगडाशेजारी बसून त्यानं अख्खा पाठ सांगितला. शनिवारी पुन्हा गेला. असा तो वर्षानुवर्षं जात राहिला. असं म्हणतात की बिरूची तिसरी, चौथी आणि पुढची सातवीसुद्धा तिला सांगता सांगताच झाली, आणि शेवटी शेवटी तर धूनही त्याला नीट जमायची.

पुढे शाळेत टीव्ही आला. त्याच्यावर बाई दिसूही लागल्या. मग तोही गेला, आता धडे मोबाइलवर येतात, सड्यावर रेंज मिळते तेव्हा. एका वर्षी देशभरच्या शाळा महिनोन्‌महिने बंद होत्या. त्या वर्षी उंबरघोळीत सड्यावर एक मोबाइल आणि सात सोंडांवर सात पोरं उभी असत, आणि खोऱ्यात एकाही पोराचा एकही पाठ चुकला नाही.

आजही तिथं कुणी शाळेला आलं नाही, तर संध्याकाळी वर्गातलं एक पोर त्याच्या वाडीवर जातं, नाही तर समोरच्या सोंडेवरून हाळी देतं. शिकवायला बाई असोत की गुरुजी, गणित असो की भूगोल, सुरुवात एकच असते, "बाई म्हणाल्या." पलीकडून "पोचलं" आल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही. पोरं दूध घालायला गेलेली असोत, आजारी असोत, रुसून बसलेली असोत. एकदा तर शाळा कायमची सोडून गेलेल्या एका पोराला सगळ्या वर्गानं पंधरा दिवस रोज पाठ सांगितला. सोळाव्या दिवशी तो कंटाळून परत आला.

आणि दर बुधवारी हजेरी होते तेव्हा पहिलं नाव अनशीचं निघतं. नवीन आलेले शिक्षक आधी गोंधळतात, मग पुकारतात. अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "गैरहजर." मग त्या दिवशी ज्याची पाळी असते ते पोर दप्तर खाली ठेवतं आणि सगळ्यांत पुढे येऊन बसतं, कान देऊन, कारण संध्याकाळी सड्यावर त्याला जायचं असतं आणि एकही शब्द सांडून चालत नाही.